तोंड आलंय, उष्णता झाली असेल!

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. पहिली, पडद्यावर फोटो दाखवायचे नाहीत, कारण लगेच पुढे जेवण आहे. दुसरी, ‘आम्हाला कळेल असं बोल.’ पहिली अट सोपी आहे. दुसरी अवघड आहे असं मला वाटत नाही, कारण इथे समोर बसलेल्या बाईंनी आठवीत पांढऱ्या पेशी ज्या पद्धतीने शिकवल्या, त्याच पद्धतीने मी आजही दंतवैद्यकाच्या मुलांना शिकवते.

माझं काम नेमकं काय, हे आपल्या ग्रुपवर अनेकांनी विचारलं. मी दातांची डॉक्टर आहे, पण दात काढत नाही आणि कवळीही बसवत नाही. तोंडातल्या आजारांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली करणं हे माझं काम. दुसऱ्या डॉक्टरांनी रुग्णाच्या गालातून किंवा जिभेवरून काढलेला वाटाण्याएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीतून माझ्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ, आणि ते रंगवायचे. रंग दोन. त्यातला जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून मिळतो. पेशींची केंद्रकं त्याने जांभळी होतात आणि बाकी सगळं गुलाबी. तीस वर्षं मी पुण्याची तोंडं अशी जांभळ्या-गुलाबी रंगात बघते आहे.

बाटलीसोबत एक कागद येतो. त्यावर रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली तक्रार लिहिलेली असते. ‘दोन वर्षं उष्णतेचा त्रास.’ ‘तिखट झोंबतं.’ ‘तोंड सोलल्यासारखं होतं.’ ‘वारंवार तोंड येतं.’ आणि एक तक्रार खास आपल्या भागातली: ‘पाणीपुरी तोंडात जात नाही.’ ही शेवटची ऐकली की तुकडा न बघताच मला काळजी वाटू लागते. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी हे अस्तर म्हणजे काय ते बघू. गालाच्या आतून जीभ फिरवा. मऊ, ओलं, गुळगुळीत. हातावरच्या त्वचेपेक्षा नाजूक, आणि तरी भाकरीचा कडक पापुद्रा, कढत चहा, ठेचा, बर्फाचा गोळा हे सगळं सोसणारं. शिवाय तोंडात सातशेच्या आसपास जातींचे जीवाणू सुखाने नांदतात. हातावर जखम झाली आणि त्यावर एवढे जीवाणू बसले तर आपण डॉक्टरकडे धावू. तोंडात मात्र रोज चावताना बारीक बारीक इजा होते, रोज जीवाणू तिथेच असतात आणि सहसा काहीच होत नाही.

काही होत नाही, कारण पहारा आहे. हिरड्या आणि दात यांच्यामधल्या फटीतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दर मिनिटाला सुमारे तीस हजारांच्या संख्येने तोंडात उतरत असतात. थुंकीत उतरायचं, दिसतील ते जीवाणू गिळायचे आणि मरून जायचं. अस्तराखाली टी पेशी, मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या गिळणाऱ्या पेशी तळ ठोकून असतात. अस्तराच्या आत, पेशींच्या थरांमध्ये हात पसरून बसलेली आणखी एक पेशी असते. पॉल लँगरहान्स नावाच्या एका विद्यार्थ्याने ती बर्लिनमध्ये १८६८ साली त्वचेत पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याला ती मज्जातंतूची पेशी वाटली. ती प्रत्यक्षात प्रतिकारयंत्रणेची खबऱ्या आहे, हे उलगडायला पुढे शंभर वर्षं लागली. मास्ट पेशींना नाव देणारा पॉल एर्लिख हादेखील त्या वेळी, १८७८ साली, विद्यार्थीच होता. शिक्षक मंडळींनी याची नोंद घ्यावी.

ही खबरी पेशी येणाऱ्या-जाणाऱ्याचा तुकडा उचलते, जवळच्या लसिकाग्रंथीत जाते आणि टी पेशींना दाखवते, ‘हा कोण?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ओळखीचा आहे, जाऊ दे.’ मला आज सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दलच. प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लढाई येते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती तर करोनापासून घरोघरी पोचल्या. तोंडातल्या प्रतिकारपेशींचं दिवसभराचं काम मात्र लढण्यापेक्षा न लढण्याचं आहे. वरणभात, दूध, शेंगदाणे हे सगळे परकेच पदार्थ आहेत. प्रत्येकाशी युद्ध केलं तर जेवणच अशक्य होईल. म्हणून या पेशींना ब्रेक असतात, खरेखुरे, रेणूंचे बनलेले. तोंडाच्या अस्तराचे पुष्कळसे आजार ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ म्हणून होत नाहीत. ब्रेक सैल झाला, किंवा चुकीच्या जागी जोर लागला म्हणून होतात. त्यामुळे माझ्याकडे येऊन कोणी ‘प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी द्या’ म्हणालं की मी विचारते, नेमकी कोणाविरुद्ध?

या पेशींना सवयही लागते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली उंदरांवर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना मऊ खाणं दिलं, काहींना कडक. ज्यांना चावावं लागत नव्हतं त्यांच्या हिरड्यांत एका विशिष्ट जातीच्या टी पेशी कमी आढळल्या. म्हणजे चावताना होणारी किरकोळ झीजच तिथल्या पहाऱ्याला कामावर ठेवते. तीच झीज जास्त झाली की त्याच पेशी दातांखालचं हाड खायला लागतात.

आता आजार. सगळ्यात साधा म्हणजे तोंड येणं, ते गोल, पिवळसर, लाल कडेचे फोड. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते यायचे. घरात निदान ठरलेलं: उष्णता झाली, जागरण झालं, पोट साफ नाही. उपायही ठरलेले: साजूक तूप, ज्येष्ठमध, सब्जा, तुरटीच्या गुळण्या आणि ती पिवळी बी-कॉम्प्लेक्सची गोळी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं की टी पेशींची एक टोळी अस्तराच्या एका ठिपक्यावर तुटून पडते, तेवढा ठिपका मरतो, मागून न्यूट्रोफिल साफसफाईला येतात आणि एक-दोन आठवड्यांत सगळं भरून येतं. ताण हे एक कारण आहेच. पण लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांची कमतरता हेही आहे. इथे पुणेकरांनी कान द्यावा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण आणखी जास्त होतं. आपल्यातले बहुतेक शाकाहारी आणि शहरी मध्यमवर्गीय. तेव्हा आजीची पिवळी गोळी अगदीच वाऱ्यावरची नव्हती. फक्त वारंवार तोंड येणाऱ्याने अंदाजाने गोळ्या खाण्यापेक्षा एकदा रक्त तपासावं.

तुपाने किंवा गुळण्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते मुदतीमुळे. साधा फोड दोन आठवड्यांत जातो. तीन आठवडे झाले, जागा तीच आहे आणि फोड तसाच आहे, तर त्याला उष्णता म्हणायचं नाही. तो दाखवायचा.

दुसरा आजार आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला आहे. तिची परवानगी घेऊनच बोलते आहे. तिने दोन वर्षं मिरची सोडली, मग लोणचं, मग टोमॅटो, शेवटी टूथपेस्टही. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी होती, बारीक रांगोळीसारखी, आणि मध्ये लाल, सोललेले भाग. याला लायकेन प्लॅनस म्हणतात. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली हे नाव ठेवलं, कारण त्वचेवरचे चट्टे त्यांना खडकावर वाढणाऱ्या लायकेनसारखे वाटले. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतो ते. हे सांगितल्यावर ती मैत्रीण दोन वर्षांत पहिल्यांदा या विषयावर हसली.

तिच्या तुकड्यात मला जे दिसलं ते विद्यार्थ्यांना दाखवावं इतकं स्पष्ट होतं. अस्तराच्या लगेच खाली टी पेशींचा जांभळा पट्टा, सलग, साडीच्या काठासारखा. त्यातल्या काही वर घुसलेल्या आणि अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींना मारत असलेल्या. मेलेल्या पेशींचे गुलाबी गोळे इकडेतिकडे पडलेले. शेजारच्या मास्ट पेशींनी आपल्या पिशव्या रिकाम्या केलेल्या, ज्यातल्या रसायनांनी अस्तराचा पाया सैल होतो आणि आणखी टी पेशींना वर चढायला वाट मिळते. म्हणजे आपलाच पहारा आपल्याच घराची जोती उकरतो आहे. त्या थराला ते परकं का समजतात, याचं उत्तर प्रत्येक रुग्णात मिळत नाही. काहींमध्ये कारण सापडतं: रक्तदाबाच्या काही गोळ्या, काही वेदनाशामकं, किंवा दाढेतलं जुनं चांदीचं सिमेंट जिथे गालाला घासतं नेमकी तेवढीच जागा. आपल्या पिढीच्या दाढांत हे सिमेंट भरपूर आहे. पण हे ऐकून उद्यापासून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. ती बदलायची की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

हा आजार चाळिशी-पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. संसर्गजन्य नाही. एकाच भांड्यातलं खाल्ल्याने होत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्या मैत्रिणीचं ताट घरात वेगळं ठेवलं जात होतं. पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. जिथे त्रास आहे तिथेच लावायचं स्टेरॉइडचं मलम किंवा गुळणीचं औषध देतात. त्याने टी पेशी शांत होतात, पट्टा विरळ होतो आणि माणूस पुन्हा मिसळ खाऊ शकतो. शंभरातल्या साधारण एका रुग्णात बऱ्याच वर्षांनी त्या जागी कर्करोग उद्भवतो. म्हणून त्रास नसला तरी वर्षातून एक-दोनदा तोंड दाखवायचं. मैत्रीण आज मागच्या रांगेत बसली आहे आणि सकाळी तिने दोन बटाटेवडे हिरव्या चटणीसकट खाल्लेले मी पाहिले आहेत.

पेम्फिगस नावाचा एक आजार थोडक्यात सांगते. त्यात टी पेशींच्या मदतीने तयार झालेली प्रतिपिंडं अस्तराच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा सांधाच तोडतात. फोड येतात, फुटतात आणि भरत नाहीत. अनेकांत त्याची सुरुवात तोंडातून होते आणि महिनोन् महिने ‘उष्णता’ म्हणून वेळ जातो. हा गंभीर आजार आहे, पण वेळेवर उपचार झाले तर आटोक्यात येतो.

आता त्या पाणीपुरीकडे येते.

गाल आतून पांढुरके, फिकट, हाताला चामड्यासारखे ताठ. जीभ पूर्ण बाहेर येत नाही. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. तिखट तर सोडाच, कोमट आमटीही भाजते. याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिल्याचं नोंदवलं, आणि दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईच्या डॉ. जोशींनी इथल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन करून त्याला हे नाव रूढ केलं. आफ्रिकेत राहून तो भारतीयांनाच का व्हावा, या कोड्याचं उत्तर त्यांच्या पानदानात होतं. सुपारी.

तंबाखू नव्हे. हे मी सावकाश सांगते. सुपारी. नुसती सुपारीसुद्धा. ‘मी तंबाखू खात नाही हो, फक्त सुगंधी सुपारी’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखूही त्याच गटात आहे.

पेशींच्या पातळीवर काय होतं ते ऐका, कारण इथेच हा आजार आधीच्या आजारांपेक्षा वेगळा आहे. सुपारीतलं आर्कोलिन आणि तिचे कडक कण गालाला रोज खरवडतात. सुरुवातीला नेहमीचा दाह होतो. न्यूट्रोफिल येतात, मग टी पेशी, मग मॅक्रोफेज. मॅक्रोफेज आणि अस्तराच्या पेशी एक निरोप सोडतात, त्याला टीजीएफ-बीटा म्हणतात. कुठल्याही जखमेत हाच निरोप जातो: ‘जखम झाली आहे, धागे विणा.’ तंतू विणणाऱ्या पेशी कोलॅजेनचे दोर वळू लागतात. जखम भरली की हा निरोप थांबायला हवा. पण सुपारी रोज येते, दिवसातून आठ-दहा वेळा येते, त्यामुळे निरोप थांबतच नाही. त्यातून सुपारीत तांबं बरंच असतं आणि ते कोलॅजेनच्या दोरांना एकमेकांशी गाठी मारणाऱ्या विकराला जोर देतं. सुपारीतली टॅनिनं त्या गाठी पक्क्या करतात. चांभाराच्या दुकानात कातडं कमावतात ते टॅनिनंच वापरून. आपण आपला गाल कमावत असतो.

आणि मग पेशी निघून जातात. जुन्या आजाराच्या तुकड्यात मला टी पेशींचा पट्टा दिसत नाही, गर्दी दिसत नाही. दिसतात गुलाबी, काचेसारखे, निर्जीव दोर, आणि त्यांच्यात आवळल्या गेलेल्या रक्तवाहिन्या. लायकेन प्लॅनसमध्ये टी पेशी तिथे असतात म्हणून त्यांना औषधाने शांत करता येतं. इथे शांत करायला कुणी उरलेलंच नसतं. त्यामुळे सुपारी लवकर सोडली तर दाह ओसरतो, जळजळ कमी होते आणि तोंड उघडणं पुढे आणखी कमी होत नाही. उशिरा सोडली तर आवळलेले दोर तसेच राहतात. इंजेक्शनं, तोंड उघडायचे व्यायाम, शस्त्रक्रिया हे सगळं करता येतं आणि करतोही, पण मूळचा गाल परत मिळत नाही. केरळमध्ये या आजाराच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला, म्हणजे शंभरात साडेसातच्या आसपास.

या संशोधनात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे आणि तो पुण्यात फारसा कुणाला माहीत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग यांच्यासह, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर फिरले आणि त्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. दारात खाट टाकायची, हातात आरसा घ्यायचा, ‘आ करा’ म्हणायचं, आणि हे एक लाखाहून जास्त वेळा. तेव्हाच्या बायकांमध्ये मशेरीची सवय किती मुरलेली होती, याची शास्त्रीय नोंद अशाच पाहणीतून झाली. आमच्या विषयात जगभरच्या पुस्तकांत ही पाहणी उद्धृत होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपण कॉलेजात असताना पुडी आली. पान लावायला वेळ लागायचा, पुडी खिशात मावायची. महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही, मग २०१२ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा घातली. पुडीची किंमत वाढली आणि ती पाटीवरून फळीखाली गेली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरत होते.

आज सकाळी आपण आपल्यात नसलेल्या मित्रांची नावं वाचली. सात नावं होती. त्यातली दोन तोंडाच्या कर्करोगाची आहेत. दोघांनाही आधी काही वर्षं तोंड नीट उघडत नव्हतं. एकाने मला लग्नाच्या पंगतीत हसत सांगितलं होतं की, ‘आता लाडू कुस्करून खातो.’ मी त्याला तिथेच तपासायला ये म्हटलं, तो दोन वर्षांनी आला.

या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातही प्रतिकारपेशींचाच प्रश्न असतो, पण उलटा. सुरुवातीला मी ब्रेक म्हणाले ना, कर्करोगाच्या पेशी नेमका तोच ब्रेक दाबून ठेवतात. टी पेशी गाठीच्या भोवती उभ्या असतात, पण हलत नाहीत. त्या ब्रेकवरच्या शोधासाठी २०१८ साली जपानचे होंजो आणि अमेरिकेचे अ‍ॅलिसन यांना नोबेल मिळालं. ब्रेकवरचा तो पाय काढणारी औषधं निघाली, पण इतकी महाग की आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना ती स्वप्नवत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकारी यांनी विचारलं, एवढा डोस खरंच लागतो का? त्यांनी डोके-मान भागातल्या, बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना नेहमीच्या स्वस्त गोळ्या, अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि शिवाय तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभरानंतर पहिल्या गटातले शंभरात १६ हयात होते, दुसऱ्या गटातले ४३. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या गरजेतून निघालेला प्रश्न आणि आपणच शोधलेलं उत्तर, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

गंमत बघा, या औषधाने ब्रेक सुटला की काही रुग्णांच्या गालात ती पांढरी रांगोळी उमटते, लायकेन प्लॅनससारखी. एकाच पेशीचा ब्रेक घट्ट धरला तर गाठ वाढते, सोडला तर गाल सोलतो.

आता कामाचं बोलते. आज रात्री घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा. स्वतःच्याच हाताची पहिली तीन बोटं जुळवून उभी करा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन मावली पाहिजेत. कवळी असेल तर ती काढून बघा. मग गाल बाजूला ओढून आत उजेडात बघा, जिभेच्या दोन्ही कडा बघा, जीभ उचलून खाली बघा. पांढरं, लाल, न भरलेलं, हाताला कडक लागणारं काही आहे का? शेजारच्या माणसाचंही बघा, नवरा-बायकोचं तर नक्कीच, कारण सुपारी खाणारा स्वतःच्या तोंडात सहसा बघत नाही.

‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ हे मला आज सकाळीच चहाच्या टेबलावर ऐकायला मिळालं. नाही पसरत. तुकड्याला पाच मिनिटं लागतात, जागा बधिर करतात, एखादा टाका पडतो. तुकडा न काढल्याने काय होतं ते मी मघाशी दोन नावांबद्दल बोलताना सांगितलं.

बाईंनी सकाळी मला विचारलं की, मग जेवणानंतर तोंडात काय टाकायचं? बाई, बडीशेप चालेल, धनाडाळ चालेल, बाळंतशेप, ओवा, लवंग, भाजलेले तीळ, सगळं चालेल. फक्त दुकानातून तयार मुखवास घेताना पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, त्यात पुष्कळदा सुपारी असते. आजच्या जेवणाच्या टेबलावरचा डबा मी आधीच उघडून बघितला आहे. त्यात धनाडाळ आहे.